यात तुम्ही कुठे आहात, काका?

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. विचारलं असतं तर तुम्ही "कशाला काका" म्हणाला असतात, म्हणून विचारलंही नाही. ठाण्यातल्या, कानाची मशीनं बसवून देणाऱ्या तुमच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात, शनिवारी दुपारी, बाहेर चार पेशंट खोळंबलेले असताना तुम्ही आत बसून माझ्याबरोबर आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड ऐकत होतात. एवढ्यावरून पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेलच. बाहेरच्या चौघांनाही कळेल. त्यांची या निमित्ताने माफी मागतो, दार नीट लागत नव्हतं.

माझं वेड किती जुनं आहे ते तुम्हाला त्या दिवशी धड सांगता आलं नाही. कॉलेजात असताना एका मित्राने मेडनची 'लाइव्ह आफ्टर डेथ' कॅसेटवर उतरवून दिली होती. १९८५ चा अल्बम. बराचसा त्या वर्षीच्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच अरीनात रेकॉर्ड झालेला, शेवटचा भाग त्याआधीच्या ऑक्टोबरमधला, लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधला. कॅसेट नव्वद मिनिटांची आणि अल्बम शंभराहून जास्त. त्यामुळे शेवट कापला गेला. पुढे सीडी निघाली, तर तिच्यातही जागेअभावी हॅमरस्मिथची पाचही गाणी गाळलेली! ती परत आली १९९८ च्या आवृत्तीत. म्हणजे एक अल्बम पुरता ऐकायला मला सात-आठ वर्षं लागली. घरी हे सांगितलं की बायको म्हणते, एवढ्यात लोकांची पीएचडी होते.

लोक विचारतात, गाणी तीच, मग लाइव्ह रेकॉर्डिंग कशाला वेगळं घ्यायचं? स्टुडिओत गाणं हवं तितक्या वेळा दुरुस्त करता येतं. स्टेजवर ते एकदाच होतं. लय थोडी पळते, गायकाचा श्वास चुकतो, गिटारवाला एखादा सूर ओढून धरतो आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. आणि समोरची माणसं. मेडनचं रिओ द जानेरोचं २००१ मधलं रेकॉर्डिंग घ्या. सुमारे अडीच लाखांचा जमाव आणि तो शब्दच नव्हे, गिटारची धूनसुद्धा गातो. मैफिलीतली "क्या बात है" कापून टाकली तर मागे राहतं ते निव्वळ गाणं. दाद रेकॉर्डिंगच्या बाहेरची गोष्ट नसतेच.

तर १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, वांद्रे-कुर्ला संकुल. मेडनच्या त्या जगभराच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत होता. स्वतःचं बोइंग ७५७ घेऊन आले होते आणि ते चालवत होता ब्रूस डिकिन्सन, म्हणजे त्यांचा गायकच. (आमच्या ऑफिसात हे अजून कुणाला खरं वाटत नाही.) मी हाफ डे टाकून डोंबिवलीहून गेलो. अंधार झाला, चर्चिलचं १९४० मधलं भाषण वाजायला लागलं, मग 'एसेस हाय' सुरू झालं आणि मी ओरडलो. पस्तिशी उलटलेला, एका मुलीचा बाप, शर्टाच्या खिशात रेल्वेचा पास. पुढचे तीन दिवस घसा बसला होता.

पुढच्या वर्षी त्या दौऱ्यावर 'फ्लाइट ६६६' हा लाइव्ह अल्बम आला. त्यातलं प्रत्येक गाणं वेगवेगळ्या गावातलं. मेलबर्न आहे, सिडनी आहे, टोकियो आहे. आणि सुरुवात मुंबईने होते. चर्चिलचं भाषण आणि त्यानंतरचं 'एसेस हाय', तेच, त्या रात्रीचं. मॅडम, जगभर विकल्या गेलेल्या त्या सीडीवर मी आहे. नाव नाही, मानधन नाही, पण आहे.

मग कान गेले. एकदम नाही, उधारी वाढते तसे. टीव्हीचा आवाज बाराचा अठरा झाला, अठराचा सव्वीस. मुलगी फोनवर बोलली की "काय?", पुन्हा "काय?", आणि तिसऱ्यांदा उगाच "हो हो". २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मेडनचा 'सेंजुत्सू' आला. सहा वर्षांनी नवा अल्बम, तोही दोन सीडींचा. ऐकला तर गोधडीखालून वाजतोय असा. झांजांचा पत्ता नाही, शब्द चघळल्यासारखे. मी वर्षभर मित्रांशी भांडत होतो की मिक्सिंग भिकार आहे. निर्मात्याला नाही नाही ते बोललो. मग कानांची तपासणी झाली आणि कागदावर रेघ दिसली, चार हजार हर्ट्झच्या, म्हणजे उंच सुरांच्या, आसपास दरीत कोसळलेली. तरुणपणी मुंबईच्या रंगभवनात, रॉकच्या कार्यक्रमांत, स्पीकरला खेटून उभं राहण्याची हौस होती, तिचं हे बिल.

ज्यांनी तपासलं ते कानाचे डॉक्टर कागदाकडे बघून म्हणाले, "असलं ऐकल्यावर दुसरं काय होणार?" बरोबरच होतं ते. पण अपघात झालेल्या माणसाला कुणी पहिलं वाक्य "गाडी चालवायचीच कशाला" असं ऐकवत नाही. नंतर ज्या दुकानातून कानाचं मशीन घेतलं तिथली तऱ्हा और. पाऊण लाख मोजून घेतले, कानात बसवलं आणि विचारलं, "बातम्या ऐकू येतात?" येत होत्या. घरी जाऊन सीडी लावली तर गिटारचा लांब सूर बकरी ओरडावी तसा थरथरत होता आणि लोकांचा आवाज मधूनच कुणीतरी तोंडावर उशी दाबल्यासारखा गायब. परत गेलो. "काका, मशीन बोलणं ऐकण्यासाठी असतं." तिसऱ्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरचा मुलगा दुसऱ्याला हळूच म्हणाला, "ते रॉकवाले आजोबा आलेत." गंमत म्हणजे हे मला स्वच्छ ऐकू आलं. बोलणं ऐकण्यासाठी मशीन खरंच उत्तम होतं.

त्यानंतर वर्षभर ते कपाटात पडून होतं आणि त्याच्या शेजारी सीड्या.

तुमच्याकडे आलो तो बायकोच्या धाकाने. वाटलं होतं, तुम्ही नवं मशीन दाखवाल. तुम्ही जुनंच हातात घेतलंत, दुसऱ्याने विकलेलं, आणि विचारलंत, "काय ऐकू यायला हवं होतं, जे येत नाही?" मी पुटपुटलो, गाणी. "कुठली?" मी घाबरत सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मला त्यातलं काही कळत नाही. पुढच्या वेळी घरी ऐकता तीच सीडी घेऊन या, मोबाइलवरचं नको."

नंतरच्या दोन-तीन खेपांत तुम्ही कॉम्प्युटरवर काय काय केलंत ते मला सांगता येणार नाही. पण कारण सांगितलंत ते डोक्यात बसलंय. मशीनला गिटारचा ताणलेला सूर म्हणजे स्वतःचीच शिट्टी वाटते, म्हणून ते तो पुसायला धावतं. हळू आवाज उचलायचा आणि मोठा दाबायचा ही त्याची सवय, त्यामुळे गाणं चढत गेलेलं कळतच नाही, सगळं एका पातळीवर. आणि सतत घोंगावणारं काहीही आलं की त्याला तो गोंगाट वाटतो. "काका, त्याला वाटतं पंखा चालू आहे." अहो, मैदानभर माणसं जीव तोडून ओरडतायत आणि या दिवट्याला वाटतंय पंखा! तुम्ही गाण्यासाठी वेगळी सोय करून हे सगळं त्यात बंद केलंत. तरीही मोठा आवाज फाटत होता. म्हणालात, तो मशीनच्या तोंडाशीच फाटतोय, आत कितीही फिरवलं तरी उपयोग नाही. मग ड्रॉवरमधून साधा सेलोटेप काढलात आणि माइकच्या भोकांवर इवलेसे तुकडे एकावर एक लावलेत. पाऊण लाखाचं मशीन आणि आठ आण्यांचा सेलोटेप. फाटणं थांबलं.

पण हे पत्र सेलोटेपसाठी नाही.

त्या शनिवारी मी 'फ्लाइट ६६६' आणली होती. भाषण झालं, ड्रम्स सुरू झाले, मी डोळे मिटले. बऱ्याच वर्षांनी राइड झांजेची टोकदार किणकिण वेगळी ऐकू आली. मी सांगत सुटलो की हे मुंबईचं आहे, बीकेसीचं, मी तिथे होतो. एवढं बोलून मीच ओशाळलो, कारण पुढचं वाक्य मला पाठ आहे. ऑफिसात, घरी, लग्नकार्यात सगळीकडे "हो का, वा" येतं आणि विषय बदलतो. तुम्ही गाणं थांबवलंत. मला वाटलं, झालं, बाहेर लोक आहेत. तर तुम्ही बटण दाबून गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलंत, खुर्ची स्पीकरजवळ ओढलीत आणि विचारलंत, "यात तुम्ही कुठे आहात, काका?"

आणि खरंच शोधायला लागलात. भाषण संपता संपता डावीकडून एक लांब शिट्टी येते. तुम्ही बोट वर करून माझ्याकडे पाहिलंत, ही का? मला शिट्टी वाजवता येत नाही. मी मान हलवली. पुढे एक घोगरा "ए" येतो. ही? मला पुढे काही दिसेनासं झालं. तुम्ही टिश्यूचा डबा सरकवलात आणि स्वतः कॉम्प्युटरकडे वळून काहीतरी टाइप करायला लागलात. मला खात्री आहे, काहीही टाइप करत नव्हतात.

घरी येऊन 'सेंजुत्सू' लावला. निर्मात्याची माफी मागतो, बरीचशी. मधला भाग अजूनही थोडा कोंदट आहे आणि या मुद्द्यावर मी हटणार नाही. मग मार्च २०२४ मध्ये जूडास प्रीस्ट या दुसऱ्या जुन्या मेटल बँडचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' आला. कान परत मिळाल्यावर आलेला पहिला नवा अल्बम. त्यांचा गायक रॉब हॅलफर्ड सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि आवाज अजून सुरीसारखा. नवा अल्बम पहिल्यांदा ऐकताना पुढे काय येणार हे माहीत नसतं. माझ्या वयात अशा गोष्टी कमी उरतात. आता पुढे काय, हे सांगायला डॉक्टरच पुरेसे असतात.

शरीर कुणालाच सोडत नाही म्हणा. एसी/डीसी या रॉक बँडच्या गायकाला, ब्रायन जॉन्सनला, २०१६ मध्ये कानांपायी दौरा अर्ध्यावर सोडावा लागला होता. २०२० मध्ये तो त्यांच्या नव्या अल्बमवर पुन्हा गायला. मेडनचा ड्रमर निको मॅकब्रेन २०२३ च्या जानेवारीत पक्षाघाताने पडला. काही महिन्यांत परत स्टेजवर आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये साओ पावलोला शेवटचा कार्यक्रम वाजवून त्याने दौऱ्यांना रामराम ठोकला. यांच्या मागेही तुमच्यासारखं कुणी ना कुणी बसलं असणार, बाहेर रांग असताना.

मला आयुष्यात अशी माणसं अधूनमधून भेटलीत. कॅसेट विकत घेणार नाही हे माहीत असून अख्खी बाजू ऐकू देणारा एक दुकानदार होता. २००८ च्या त्या रात्री शेवटच्या लोकलमध्ये, मी घामाने थबथबलेला आणि घसा बसलेला पाहून, "भाऊ, बसा" म्हणत सरकून चौथी सीट देणारा एक भाजीवाला होता. त्याला मेडनशी देणंघेणं नव्हतं. तुम्हालाही नाही. मला आवडतं ते तुम्हाला आवडायला हवं अशी अट माझी कधीच नव्हती. ते मला आवडतं हे खरं मानलंत, तेवढं पुष्कळ झालं.

आणखी एक कबुली. घरी मी सांगितलंय की ती शिट्टी माझीच. बायकोला संशय आहे, कारण लग्नाला तीस वर्षं होत आली आणि तिने एकदाही ऐकलेली नाही. तुमच्याकडे कधी चौकशी आलीच तर सांभाळून घ्या.

तुमचा,
डोंबिवलीचा रॉकवाला काका

ता. क. पावसाळी हवेने डाव्या कानाचा सेलोटेप सुटलाय. मी घरी लावून पाहिला, पण वाकडा बसतो. शनिवारी येतो. रांगेतच बसेन, आणि या वेळी सीडी आणणार नाही. निदान लाइव्ह तरी नाही.