गाभोळी कधी भरते ते कोळणीलाही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

समुद्राबद्दल काही ठरवायचं म्हटलं की आधी तज्ज्ञांचा अहवाल येतो आणि कोळी लोकांना सगळ्यात शेवटी बोलावतात, तेव्हा हरकत घेण्यापलीकडे हातात काही उरत नाही. वरळीचं बघा ना, कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर पुरेल असं कागदावर ठरलं होतं, कोळीवाड्यातले लोक सांगून थकले की वारा आणि लाट असली की होडी सरळ जात नाही, बाजूला ओढली जाते, शेवटी काम अडवल्यावर २०२२ संपता संपता ते अंतर १२० मीटर केलं. मागणी त्याहून जास्त होती.

पण मी शास्त्राच्या विरोधात अजिबात नाही. आमच्या बंदरात पापलेट कमी झालं एवढं आम्ही सांगू, अख्ख्या किनाऱ्यावर किती उरलं हे मोजायला सीएमएफआरआय (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) सारखी संस्थाच लागते. त्यांच्याच शिफारशीवरून नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींची किमान साइज ठरवली, पापलेट १३५ मिलिमीटरच्या आत असेल तर पकडायचं नाही. नियम चांगलाच आहे. पण डोल जाळं प्रवाहात उभं असतं, वाहत येईल ते आत शिरतं, आणि पिल्लं कुठल्या महिन्यात, किती वाव खोल पाण्यात, उधाणाच्या मोठ्या भरतीला येतात का भांगाच्या लहान भरतीला हे डोलवाल्याला तोंडपाठ असतं. ते विचारून तेवढे दिवस तिथली जाळी काढली तर पिल्लं वाचतील, मेलेल्या माशाला पट्टी लावून काय होणार?

बाजारातल्या बायकांना तर कोणी विचारतच नाही. रोज मासे कापतात, गाभोळी (माशाच्या पोटातली अंडी) कधी भरायला लागली, कधी रिकामी झाली, सगळं त्यांच्या हाताखालून जातं. लॅबमध्येही पोट फाडून तेच बघतात की!

पावसाळ्यातली मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. आमची जुनी माणसं नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नव्हती, आणि ती बहुतेक ऑगस्टमध्ये येते. त्या मधल्या दिवसांत होड्या थांबल्या तर माशाला किती फायदा होतो हे शास्त्रज्ञांनी मोजून सांगावं, आम्हालाही कळू दे.

मत्स्य विभागाने बंदराबंदरात कोळणींकडून गाभोळीची महिनावार नोंद घ्यावी, सर्व्हेच्या बोटीवर तिथलाच एक तांडेल (होडीचा प्रमुख) घ्यावा आणि अहवाल छापायच्या आधी मराठीत बंदरावर वाचून दाखवावा, चुकलं असेल तर आम्ही तिथल्या तिथे सांगू.

– एक मच्छीमार वाचक, जि. पालघर