पऱ्हाटीचा कोळसा आणि अमूर्त चित्र

संपादक महोदय,

एलिमेंटरी या चित्रकला परीक्षेत वस्तुचित्र-स्मरणचित्रापलीकडे अमूर्त, म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवणाऱ्या, रेखाटनाला वाव नाही, म्हणून खेड्यातली मुले ‘रेघोट्या’ समजून ते टाळतात. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरातच जन्मले, हे किती शाळांत सांगतात कोण जाणे!

साहित्याची सबब नको, रेखाटनाचा कोळसा घरीच करता येतो. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडे, बांधावर पडूनच असते. पेन्सिलीएवढ्या जाड, वाळलेल्या काड्यांची साल काढून त्या डब्यात दाटून भराव्यात. झाकणाला खिळ्याने एकच भोक पाडून डबा विस्तवात ठेवावा. भोकातून धूर थांबला की बाहेर काढावा, पण पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नये. गरम काड्यांना हवा लागली की पेट घेऊन राख होते. काडी तपकिरी राहिली तर कच्ची. ती कागद ओरबाडते.

कागद खरखरीत कार्ट्रिज (चित्रकलेचा जाड कागद) घ्यावा, गुळगुळीत कागदावर कोळसा धरत नाही. आधी पूर्ण कागद करडा करून घ्यावा, मग खोडरबराने उजेड ‘काढावा’ आणि शेवटी दोन-तीन ठिकाणीच गडद काळा द्यावा. मुले नेमकी उलट सुरुवात काळ्याने करतात. तो पूर्ण पुसला जात नाही, चित्र मळकट होते. उन्हाळ्यात तळहाताच्या घामाने डाग पडतात, त्यामुळे हाताखाली कोरा कागद हवाच. मध्येमध्ये चित्र उलटे धरून पाहावे. एखाद्या आकारात झाड किंवा चेहरा दिसू लागला, तर तो मोडायचा की ठेवायचा हे विद्यार्थ्याने ठरवावे, शिक्षकाने नव्हे.

– एक कलाशिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ