आरोग्यमंत्री साहेब, माझ्या आईचं औषध अंदाजावर का?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

2023 मध्ये सरकारनं महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून 5 लाखांवर नेली. रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असो, लाभ सगळ्यांना, असं जाहीर केलं. गेल्या आठवड्यात त्याच योजनेच्या टेबलावरून आरोग्यमित्रानं आईच्या कॅन्सरच्या रक्तचाचणीची फाइल परत केली. "ही टेस्ट पॅकेजमध्ये बसत नाही."

आईला जिस्ट आहे. पोट-आतड्यांच्या भिंतीतला हा कॅन्सर दहा लाखांत वर्षाला जेमतेम 10 ते 15 जणांना होतो. इमॅटिनिबच्या गोळीवर ती खुरपायला जात होती. आता यकृतातल्या गाठी वाढल्यात. डॉक्टर म्हणाले, गाठींच्या किट जनुकात नवा बदल झाला असणार. तो जनुकाच्या एक्झॉन 13 या तुकड्यातला असेल तर सुनिटिनिब हे पुढचं औषध लागू पडण्याची आशा जास्त, 17 मधला असेल तर कमी.

ते कळावं म्हणून यकृतात सुई घातली. आई रात्रभर कण्हत होती. रिपोर्ट आला: नमुना अपुरा. बरं, सुई जाते एकाच गाठीत, शेजारच्या गाठीत बदल वेगळा असू शकतो. रक्तात मात्र वेगवेगळ्या गाठींचा डीएनए उतरतो. त्यासाठी लागतं दोन नळ्या रक्त! त्यात काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं. पण सापडलं तर औषध नेमकं देता येतं.

खासगी लॅबनं सांगितलेल्या पैशांत आमचा सोयाबीनचा हंगाम जातो.

इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा 2025 पासून फुप्फुसाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी अशी रक्तचाचणी देते. आमच्याकडे मंत्री कोनशिला बसवतात, पेपरात फोटो येतात आणि आतल्या पेशंटला कुठली गोळी द्यायची ते कुणालाच ठाऊक नसतं. लागू न पडणाऱ्या औषधात महिने गेले तरी चालतात, तपासणीला पैसे नाहीत. दुर्मीळ रोगाचे पेशंट मोर्चा काढण्याइतके नसतात, म्हणून त्यांना वाऱ्यावर सोडायचं का? कर आम्हीही भरतो, मत आम्हीही देतो.

जिस्टच्या पेशंटांसाठी या चाचणीचं पॅकेज काढा. जिल्ह्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातूनच नमुना पाठवायची सोय करा.

आईला सोमवारपासून अंदाजानं सुनिटिनिब सुरू केलंय. पुढच्या महिन्यात सीटी आहे. त्याआधी लेखी उत्तर हवं, आणि त्यात तारीख हवी.

आपला,
जिस्टच्या एका पेशंटचा मुलगा