फोनमधल्या 612 नावांबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह)

विषय : फोनमधील संपर्कयादी आणि पत्नीच्या औषधांची माहिती परस्पर वापरल्याबद्दल

महोदय / महोदया,

मी मिरजेत राहणारा निवृत्त माध्यमिक शिक्षक. गेले सात महिने आपल्या ॲपवरून औषधे मागवत होतो. मिरज हे दवाखान्यांचे गाव, औषधाच्या दुकानांना इथे तोटा नाही. तरी आपले ॲप घेतले ते माझ्या गुडघ्यांमुळे आणि आपण देता त्या सवलतीमुळे, असे मी लोकांना सांगत असे. खरे कारण वेगळे होते. पत्नीला मनाच्या आजारावर गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा ती म्हणाली, "आपल्या नेहमीच्या दुकानातून नको. तिथे सगळे ओळखीचे." कुणाला कळू नये म्हणून आम्ही आपल्याकडे आलो, हे आधी ध्यानात घ्यावे.

9 जून रोजी सकाळी पुण्याहून एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, तब्येत बरी आहे ना?" मला वाटले, सहज आठवण झाली असेल. मग दूधवाल्याने विचारले. मग शाळेतल्या जुन्या शिपायाने. दुपारी विहीणबाईंचा फोन आला आणि त्यांनी आपल्या ॲपकडून आलेला मेसेज वाचूनच दाखवला : माझे नाव, मी आपल्याकडून नियमित औषधे घेतो ही बातमी, आणि त्यांनीही पहिल्या ऑर्डरवर सूट घ्यावी असा आग्रह. संध्याकाळपर्यंत अकरा फोन झाले. माझ्या फोनमध्ये 612 नावे आहेत. उरलेल्यांनी काय वाचले आणि मनात काय ठेवले, ते मला कसे कळणार?

हे मेसेज पाठवा असे मी कधीही सांगितलेले नाही. आपल्या ग्राहकसेवेचे म्हणणे, ॲप सुरू करताना मी संपर्कयादीला परवानगी दिली होती. दिली असेन. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो काढायला कॅमेरा लागतो, मान्य. घर सापडायला ठिकाण लागते, तेही मान्य. त्याच ओघात तिसऱ्या चौकटीवर बोट पडले. पण गोळ्यांची पट्टी माझ्या दारात आणायला माझ्या विहीणबाईंचा नंबर कशाला लागतो?

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 6 मध्ये जवळजवळ हेच उदाहरण दिलेले आहे. ॲपवरून वैद्यकीय सल्ला देणारी सेवा संपर्कयादीचीही परवानगी मागते आणि बाई दोन्हींना हो म्हणते. कायदा म्हणतो, सल्ल्यासाठी यादीची गरज नाही, म्हणून तिची संमती फक्त सल्ल्यापुरतीच धरायची. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत, हे मला ठाऊक आहे. तेवढेच उत्तर कृपया पाठवू नये. 2011 चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेतच. त्यात आरोग्याची माहिती संवेदनशील मानली आहे आणि ती तिसऱ्याला देण्याआधी विचारावे लागते.

हे नियम सांगतो, कारण मेसेजवर हे थांबले असते तर मी कदाचित गिळून टाकले असते. 13 जूनला घरच्या फोनवर एक मुलगी बोलली. ती आपल्या कंपनीची नव्हती, कुठल्याशा समुपदेशन पॅकेजची होती. फोन पत्नीने उचलला. "मॅडम, तुमच्या गोळ्या या आठवड्यात संपतील ना?" असे म्हणून तिने गोळीचे नाव घेतले. हा नंबर मी फक्त आपल्या ॲपमध्ये, पर्यायी नंबर म्हणून भरला होता. पत्नीने फोन ठेवला आणि मला एवढेच विचारले, "कुणाकुणाला माहीत आहे?" त्यानंतर दोन दिवस तिने गोळी घेतली नाही.

आपले गोपनीयता धोरण मी नातवाकडून छापून घेतले. 14 पाने, सगळी इंग्रजीत. त्यात 'व्यावसायिक भागीदार' पाच ठिकाणी येतात, नाव एकाचेही नाही. मुलांनी असा निबंध लिहिला असता तर मी समासात 'कोण?' असे लिहून वही परत दिली असती. चॅटवर तक्रार केली तर दिलगिरी आणि 50 रुपयांचे कूपन आले. खाते बंद करू गेलो तर तीन वेळा कारण विचारले आणि शेवटी खाते 'निष्क्रिय' झाले. माहिती पुसली की नुसती झाकून ठेवली, याबद्दल अक्षर नाही.

माझे म्हणणे असे. ती 612 नावे आणि पत्नीच्या औषधांची माहिती आपल्याकडून कुणाकडे गेली, त्या प्रत्येकाचे नाव मला लेखी हवे. संपर्कयादी आपल्याकडून आणि त्यांच्याकडूनही पुसली गेल्याचे लेखी हवे. बिलांची नोंद कायद्याने ठेवावी लागत असेल तर ती जरूर ठेवा, पण किती वर्षे ते सांगा. आणि ज्यांना माझ्या नावाने मेसेज गेले त्यांना तो मी पाठवला नव्हता, एवढे एका ओळीत कळवा. त्यात औषधांचा उल्लेख पुन्हा नको. 2011 च्या नियमांप्रमाणे आपल्याला एक महिन्याची मुदत आहे. त्यानंतर मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

गेल्या सोमवारी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. 26 वर्षे त्या माणसाला आमच्या घरातली साखर, रक्तदाब, सगळे ठाऊक आहे. त्याने चिठ्ठी वाचली, पट्टी कागदात गुंडाळली आणि पावसाबद्दल बोलत राहिला.

उत्तर पोस्टाने पाठवावे. फोन करू नये, दुपारी फोन पत्नी उचलते.

आपला,
एक माजी ग्राहक, मिरज

सोबत : ऑर्डरच्या पावत्या, विहीणबाईंना आलेल्या मेसेजचा फोटो, चॅटची प्रत