तीन मुलांसाठी इतिहासाचे तीन संच नकोत

महोदय,

अमेरिकेत राहून मुलांना घरीच शिकवणारी मराठी कुटुंबं आता अनेक राज्यांत आहेत आणि आपली ई-आवृत्ती त्यांच्यातल्या काही घरांत नक्की वाचली जाते. हे पत्र त्यांच्यासाठी. होमस्कूलचं नवं वर्ष आखताना गणित आणि भाषेचा प्रश्न लवकर सुटतो. ज्याची जेवढी तयारी, त्याला तेवढं पुस्तक. गाडी अडते ती अमेरिकेच्या इतिहासापाशी. घरात सहा, दहा आणि चौदा वर्षांची मुलं असली की पालक प्रत्येकाच्या इयत्तेचा वेगळा संच मागवतात. चूक इथेच होते.

हिशेब करून पाहा. एका संचाला रोज पाऊण तास धरला तरी तिघांचे सव्वादोन तास होतात, तेही एकाच विषयाला आणि बहुधा एकाच पालकाचे. धाकट्याला अजून नीट वाचता येत नसतं, त्याच्यापाशी बसावंच लागतं. मधल्याची वही तपासायची असते. थोरला ‘वाचलं’ म्हणतो आणि त्याला दोन प्रश्न विचारायला कुणाला वेळच उरत नाही. शिवाय धाकटा जॉर्ज वॉशिंग्टनपाशी, मधला वसाहतींत आणि थोरला यादवी युद्धात असला की जेवताना तिघांना एकमेकांशी बोलण्यासारखं काही नसतं. दिवाळीपर्यंत तीनपैकी दोन संच कपाटात गेलेले असतात.

त्यापेक्षा सगळ्या घरासाठी काळ एकच ठेवावा आणि किती खोल जायचं ते वयाप्रमाणे ठरवावं. होमस्कूलवाले ज्याला ‘स्पाइन’ म्हणतात, म्हणजे ज्या पुस्तकाच्या कण्यावर वर्ष उभं राहतं, ते पुस्तक सगळ्यांत मिळून एक घ्यावं आणि निवडताना मधल्या मुलाचं वय धरावं. दहा वर्षांच्या मुलाला कळणारं पुस्तक मोठ्याने वाचलं तर सहा वर्षांच्या मुलाच्या हाती त्यातलं निम्मं तरी लागतं, आणि चौदा वर्षांच्याला घटनांचा क्रम समजायला ते पुरतं. त्याचं खरं काम पुढे स्वतंत्रपणे चालतं. थोरल्याचं पुस्तक धरलं तर धाकटा दहाव्या मिनिटाला उठून जातो. धाकट्याचं धरलं तर थोरल्याला तो अपमान वाटतो, आणि त्याचं चूक नसतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते बोस्टनच्या चहावरून सांगतो. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात डार्टमाउथ, एलिनॉर आणि बीव्हर या तीन जहाजांवरच्या चहाच्या ३४२ पेट्या ब्रिटिश करावर चिडलेल्या वसाहतींतल्या लोकांनी पाण्यात फेकल्या. चहा ९२,००० पौंडांहून अधिक होता. स्पाइनमधलं प्रकरण तिघांनी एकत्र वीस मिनिटं ऐकावं. मग सहा वर्षांच्याने जहाजाचं चित्र काढून ‘कुणी काय फेकलं आणि का’ हे आपल्या शब्दांत सांगावं, पालकाने ते चित्राखाली लिहून घ्यावं. दहा वर्षांच्याने भागाकार करावा. एका पेटीला सरासरी २७० पौंड येतात, म्हणजे आपण दुकानातून आणतो त्या तांदळाच्या वीस पौंडी साडेतेरा पिशव्या. एक पिशवी त्याला उचलायला लावा, ३४२ पेट्या फोडून रिकाम्या करायला माणसं किती लागली असतील हे तो आपणहून विचारतो. मग त्याने नकाशावर कँटन ते लंडन आणि लंडन ते बोस्टन अशी रेघ ओढावी. मराठी मुलं हमखास समजतात की हा चहा आसामचा किंवा दार्जिलिंगचा. तो चीनचा होता, भारतात तेव्हा चहाचे मळेच नव्हते.

चौदा वर्षांच्यासाठी प्रश्न वेगळा. १७७३ च्या चहा कायद्याने कंपनीचा चहा वसाहतींत स्वस्त झाला होता, मग लोक चिडले का? पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर कायम होता आणि तो ज्या पार्लमेंटने लावला त्यात वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. शिवाय कंपनी ठरावीक आडत्यांमार्फतच माल विकणार, म्हणजे स्थानिक व्यापाऱ्यांचा आणि चोरट्या चहावाल्यांचा धंदा बुडणार. या दोन कारणांपैकी कोणतं अधिक वजनदार, यावर त्याने एक पान लिहावं आणि बाजू घ्यावी. आणि ही कंपनी म्हणजे आपल्या ओळखीची ईस्ट इंडिया कंपनीच. त्याच वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. राघोबादादांनी कंपनीशी सुरतेचा तह केला तो मार्च १७७५ मध्ये, आणि लेक्सिंग्टनला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली ती त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला अमेरिकनांना शरण आलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी कलकत्त्यात गव्हर्नर जनरल म्हणून उतरला. असे दुवे भिंतीवरच्या टाइमलाइनवर दुसऱ्या रंगाच्या शाईने लिहावेत. धड्यात ओढूनताणून घुसवू नयेत.

आता स्पाइन कसं पारखायचं ते. मुखपृष्ठ आणि परीक्षणं पाहून काहीच कळत नाही. बहुतेक प्रकाशक नमुना पानं आणि अनुक्रमणिका फुकट देतात, त्यांत चार जागा उघडाव्यात. पहिली, १६१९. व्हर्जिनियात आणलेल्या पहिल्या आफ्रिकी लोकांचा उल्लेख आहे, की गुलामगिरी एकदम १८५० नंतर उगवते? दुसरी, १८३०. मूळ रहिवासी प्लिमथच्या मेजवानीनंतर (जिला पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात) पुस्तकातून गायब होतात, की त्यांना पश्चिमेकडे हटवणारा इंडियन रिमूव्हल ॲक्ट आणि १८३८-३९ मध्ये हाकलले गेलेले चेरोकी लोक त्यात भेटतात? तिसरी, यादवी युद्धाचं कारण. नुसतं ‘राज्यांचे हक्क’ लिहिलं असेल तर मिसिसिपी राज्याने जानेवारी १८६१ मध्ये फुटून निघताना काढलेलं जाहीर निवेदन काढावं. त्यात आपली भूमिका गुलामगिरीशी एकरूप असल्याचं सुरुवातीलाच लिहिलंय. चौथी जागा युद्धानंतरची, १८६५ ते १८७७, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांना हक्क मिळाले आणि पुढे हिरावले जाऊ लागले तो काळ. एवढ्या मोठ्या काळाला दोन पानं दिली असतील तर पुढे १९५५ मध्ये माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडून उठायला कृष्णवर्णीय रोझा पार्क्स का तयार नव्हत्या, हे मुलाला कधीच नीट समजत नाही.

आपल्या मुलांसाठी आम्ही पाचवी जागाही पाहायला सांगतो. १८८२ चा चिनी लोकांना बंदी करणारा कायदा, भारतातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना नागरिकत्व नाकारणारा १९२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि १९६५ चा स्थलांतर कायदा यांपैकी पुस्तकात काय आहे? १९६५ चा कायदा झाला नसता तर ही मुलं बहुधा या देशात नसती. हे त्यांना त्यांच्याच इतिहासाच्या पुस्तकात सापडायला हवं. बहुतेक पुस्तकांत सापडत नाही, म्हणून ती भर घरच्यांनी घालावी. फिलाडेल्फियाच्या साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्हमध्ये त्यासाठी कागदपत्रं आणि फोटो खुले आहेत.

होमस्कूलच्या बाजारातले बरेच मोठे प्रकाशक उघडपणे ख्रिस्ती दृष्टिकोनातून लिहितात. अबेका, बीजेयू प्रेस, नॉटग्रास, सोनलाइट ही त्यातली नावं. ते स्वतःच तसं सांगतात, त्यात लपवाछपवी नाही. पण हिंदू, बौद्ध किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या घरात खोकं उघडल्यावर हे कळलं की अर्ध्या वर्षात पुस्तक बदलावं लागतं. धर्मनिरपेक्ष मांडणी हवी असेल तर कोअर नॉलेज या संस्थेची इतिहास-भूगोलाची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. ती प्राथमिक आणि मिडल स्कूलच्या वयासाठी आहेत, म्हणजे धाकट्या दोघांची सोय होते.

वाचायला गोड वाटणाऱ्या जुन्या चरित्रांपासून सावध राहावं. लहानग्या वॉशिंग्टनने चेरीचं झाड तोडून ते कबूल केल्याची गोष्ट पाद्री वीम्स यांनी आपल्या पुस्तकाच्या १८०६ च्या आवृत्तीत घातली, तिला आधार नाही. ही गोष्ट टाळण्यापेक्षा दहा वर्षांच्या मुलाला द्यावी आणि ‘हे लेखकाला कुणी सांगितलं?’ एवढंच विचारावं. इतिहास शिकायला लागण्याची याहून चांगली वेळ आम्हाला माहीत नाही.

गुलामगिरीबद्दल सहा वर्षांच्याला काय सांगायचं, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. खरं तेच सांगावं, फक्त छळाची वर्णनं टाळावीत. माणसांची खरेदी-विक्री होत होती, आईपासून मुलं तोडली जात होती, लोक पळून जात होते आणि काही जण त्यांना लपवत होते, एवढं त्या वयाला झेपतं. चौदा वर्षांच्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९३६ ते १९३८ दरम्यान घेतलेल्या, गुलामीत जन्मलेल्या माणसांच्या २,३०० हून अधिक मुलाखती आहेत. त्या देताना एक गोष्ट आवर्जून सांगावी. बहुतेक मुलाखती गोऱ्या माणसांनी घेतल्या, त्याही गोऱ्यांची दहशत असलेल्या दक्षिणेत. म्हातारा माणूस कुठे जपून बोलतोय, हे मुलाने शोधावं. याच टप्प्यावर जोतीराव फुल्यांचं नाव घ्यायला खरं कारण आहे. १८७३ चा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला होता.

वेळेचं गणित हुकतं ते वर्षाच्या पहिल्या टोकाला. ३६ आठवड्यांत १४९२ पासून आजपर्यंत सगळं बसवायला गेलं की स्वातंत्र्ययुद्धातच मार्च उजाडतो आणि विसावं शतक राहून जातं, तेही दरवर्षी. दोन वर्षांचा फेरा करावा आणि पहिलं वर्ष १८७७ ला थांबवावं. पहिल्या वर्षात कोलंबसाच्या आधीच्या समाजांना चार आठवडे, दर्यावर्दींना तीन, वसाहतींना पाच, स्वातंत्र्ययुद्धाला सहा, राज्यघटनेला चार, पश्चिमेकडच्या विस्ताराला पाच, यादवी युद्धाला सहा आणि नंतरच्या पुनर्रचनेला दोन द्यावेत. एक आठवडा मोकळा राहतो, तो तापात आणि पाहुण्यांत जातोच. आठवड्याचे दिवस चार: दोन दिवस एकत्र वाचन, एक दिवस नकाशा आणि टाइमलाइन, एक दिवस ज्याचं त्याचं लिखाण. एखादं प्रकरण लांबलं तर पुढच्या प्रकरणातून पानं गाळावीत. तारीख पुढे ढकलू नये.

राज्याचा कायदा खरेदीच्या आधी वाचावा. न्यूयॉर्कमध्ये वर्षाची योजना आणि दर तिमाहीचा अहवाल द्यावा लागतो. पेनसिल्व्हेनियात देशाच्या इतिहासासोबत त्या राज्याचाही इतिहास लागतो आणि वर्षअखेर पोर्टफोलिओ, म्हणजे मुलाच्या वर्षभराच्या कामाची फाइल, तपासून घ्यावा लागतो. तिथे वरच्या चित्रांवर आणि निबंधांवर तारखा घातलेल्या असल्या की वेगळा खटाटोप करावा लागत नाही. टेक्सासमध्ये सक्तीच्या विषयांत इतिहासाचं नावही नाही, नागरिकत्वाचं आहे.

नववीपासून मात्र थोरल्याचे तास मोजायला लागा. एका क्रेडिटला, म्हणजे हायस्कूलमधल्या एका विषयाच्या वर्षभराच्या कामाला, साधारण १२० तास धरतात, आणि एकत्र वाचनाचे तासही त्यात धरता येतात. अमेरिकेच्या इतिहासाची एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) ही कॉलेजच्या पातळीची परीक्षा द्यायची असेल तर तिचा अभ्यासक्रम १४९१ पासून नऊ कालखंडांत आहे आणि एका प्रश्नात सात कागदपत्रं वाचून निबंध लिहावा लागतो. लहानपणापासून मूळ कागद हाताळलेल्या मुलाला त्याची धास्ती वाटत नाही. अडचण येते ती परीक्षेच्या जागेची. होमस्कूलच्या मुलाला बसू देणारी शाळा स्वतः शोधावी लागते आणि परीक्षा मे महिन्यात असली तरी नोंदणी आदल्या शरद ऋतूत संपते. ऑगस्टमध्येच दोन-तीन शाळांना फोन करावेत.

दहा वर्षांचं मूल असेल तर चौथीच्या मुलांना मिळणारा राष्ट्रीय उद्यानांचा फुकट पास घ्यावा. होमस्कूलच्या मुलांनाही तो मिळतो. त्याच वर्षी फिलाडेल्फियाला गेलात तर इंडिपेंडन्स हॉलसोबत आनंदीबाई जोशींचीही आठवण काढा. त्या याच शहरात १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या स्मशानभूमीत आहेत.

शेवटी खरेदीबद्दल. स्पाइन आणि पहिल्या सहा आठवड्यांची पुस्तकं एवढंच आधी घ्यावं, बाकीची लायब्ररीतून तीन आठवडे आधी राखून ठेवावीत. जुना संच स्वस्तात मिळत असेल तर मुलाचं पुस्तक आणि पालकांची मार्गदर्शिका एकाच आवृत्तीची आहे ना, हे पैसे देण्याआधी पाहावं. आवृत्त्या वेगळ्या असल्या की पानांचे आकडे जुळत नाहीत आणि रोज सकाळी धडा शोधण्यात दहा मिनिटं जातात. वापरून संपणाऱ्या वह्या जुन्या घेऊ नयेत. त्यांत आधीच्या मुलाची उत्तरं असतात.

आपले,
होमस्कूल करणाऱ्या कुटुंबांना अभ्यासक्रम निवडीत मदत करणारे काही मराठी पालक, न्यू जर्सी