साथीच्या दिवसांत पश्चात्ताप कोणी करायचा? आई-बाबांना पत्र

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावाने तुम्हां दोघांना सप्रेम नमस्कार.

बाबा, तुमचे पत्र मिळाले. त्यातल्या प्रश्नाला फोनवर उडत उडत उत्तर देणे मला बरे वाटले नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे. इतकी माणसे आजारी पडत आहेत, इतकी दगावत आहेत, ही देवाची शिक्षा आहे का, आणि आपण सर्वांनी मनापासून पश्चात्ताप केला तर ही साथ ओसरेल का, असे तुम्ही विचारले आहे. पत्राच्या अगदी शेवटी, समासात आडव्या लिहिलेल्या दोन ओळी मात्र मी अनेकदा वाचल्या. नोकरीतल्या त्या जुन्या प्रकरणाचे पाप आता आजाराच्या रूपाने आपल्या घरात शिरेल, या भीतीने तुम्हांला रात्री झोप लागत नाही, असे तिथे लिहिले आहे. मला वाटते, तुमचा खरा प्रश्न त्या समासातला आहे. तरी उत्तर पहिल्या प्रश्नापासूनच द्यावे लागेल, कारण दोन्हींचे मूळ एकच आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात काही लोक येशूकडे बातमी घेऊन येतात. रोमी सुभेदार पिलाताने गालीलातल्या काही माणसांना यज्ञ करत असतानाच मारले होते. मेलेल्यांच्या पदरी काहीतरी मोठे पाप असणार, हे बातमी आणणाऱ्यांच्या मनात होते आणि प्रभूने ते ओळखले. त्याने स्वतःहून दुसरी घटना पुढे ठेवली: शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण दगावले, ते काय यरुशलेमेतल्या बाकीच्या सगळ्यांपेक्षा अधिक अपराधी होते? नव्हते, असे तोच सांगतो. आणि लगेच समोर उभ्या असलेल्या, धडधाकट, बातमी सांगणाऱ्या माणसांकडे वळून म्हणतो की, पश्चात्ताप तुम्ही करा. मेलेल्यांच्या पापाचा हिशेब तो मांडू देत नाही आणि जिवंत माणसाला त्याच्या स्वतःच्या हिशेबातून सुटूही देत नाही. त्यानंतर तो अंजिराच्या झाडाचा दाखला देतो. फळ न देणारे झाड मालक तोडायला निघतो, तेव्हा माळी आणखी एक वर्ष मागून घेतो आणि आळे खणून खत घालीन म्हणतो. बाबा, आज आपण जिवंत आहोत याचा अर्थ मी त्या एका वर्षासारखा लावते. आपण इतरांहून चांगले ठरलो म्हणून उरलो, असे कोणी म्हणू नये. आपल्याला मुदत मिळाली आहे.

तुम्ही इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथातले वचन अधोरेखित करून पाठवले आहे. मंदिराचे समर्पण झाल्यावर परमेश्वर शलमोन राजाला सांगतो की, मी मरी पाठवली आणि माझे लोक नम्र झाले, प्रार्थना करू लागले, माझे मुख शोधू लागले आणि आपल्या दुष्ट मार्गांपासून वळले, तर मी ऐकेन, क्षमा करीन आणि देशाला बरे करीन. या वचनावर माझा विश्वास आहे. परंतु यातल्या पहिल्या तीन गोष्टी आपण मंडळीत एकत्र बसून करतो आणि चौथी, म्हणजे दुष्ट मार्गापासून वळण्याची, प्रत्येकाने घरी जाऊन करायची असते. तीच राहून जाते. शिवाय इतक्या प्रार्थना झाल्या की इतके रुग्ण कमी होतील, असा करार त्या वचनात मला दिसत नाही. तसा करार मानला की साथ लांबली तर दोनच निष्कर्ष उरतात: एक तर देव ऐकत नाही, नाही तर आपल्यातला कोणीतरी पापी सगळ्यांच्या प्रार्थना अडवून बसला आहे. दुसरा निष्कर्ष फार भयंकर आहे, कारण मग त्या पापी माणसाचा शोध सुरू होतो.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. १३४७ पासून युरोपात प्लेगची महामारी पसरली, तेव्हा १३४९ मध्ये माणसांच्या टोळ्या स्वतःच्या उघड्या पाठीवर चाबूक ओढत गावोगाव फिरल्या. आपल्या रक्ताने देवाचा कोप शांत होईल, असे त्यांना खरोखर वाटत होते. त्याच काळात यहुद्यांनी विहिरींत विष कालवले अशी अफवा उठली, आणि फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो यहुद्यांना जाळण्यात आले. सहावे क्लेमेंट तेव्हा पोप होते. साथीत यहुदीही मरत आहेत, मग हा आरोप खरा कसा, असे त्यांनी १३४८ मध्येच लिहून कळवले होते. पुढे त्या चाबूक ओढणाऱ्यांच्या मिरवणुकांवरही त्यांनी बंदी घातली. ऐकणारे थोडे निघाले. ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्यांच्या हातून हे घडले, आणि पश्चात्तापाच्या नावाने रस्त्यावर उतरलेले लोक त्यात होते, हे आपण विसरू नये असे मला कळकळीने वाटते.

याच्या अगदी उलट, इसवी सन २५० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये अशीच मोठी साथ होती, तेव्हा तिथले बिशप सिप्रियन यांच्यापुढे तुमच्यासारखाच प्रश्न आला होता. आम्ही विश्वास ठेवणारे, मग मूर्तिपूजकांच्या बरोबरीने आम्हीही का मरतो, असे त्यांच्या मंडळीतले काहीजण विचारत. या देहात असेपर्यंत दुष्काळ, युद्ध आणि आजार सर्वांना सारखेच, हे सिप्रियन यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. पुढे ते म्हणतात की, ही साथ माणसांची मने तपासते आहे: धडधाकट माणूस आजाऱ्याची सेवा करतो का, नातलग नातलगाला जपतो का, आजारी चाकराची धन्याला कीव येते का, वैद्य आर्जव करणाऱ्या रोग्याला सोडून जातो का. या यादीत आजाऱ्याला एकही प्रश्न विचारलेला नाही. तपासणी सगळी अंथरुणाशेजारी उभे असलेल्यांची आहे. मला जे सांगायचे आहे ते त्यांनी पावणेअठराशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

पवित्र शास्त्रात साथ आणि पाप यांचा उघड संबंध सांगितलेला नाही, असे मी म्हणणार नाही. दाविदाने लोकांची शिरगणती केली आणि मरीने सत्तर हजार माणसे मेली, हे शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे. पण तिथे दाविदाचे बोलणे पाहा. पाप मी केले, या मेंढरांनी काय केले, तुझा हात माझ्यावर पडो, असे तो म्हणतो. राजा असून त्याने बोट स्वतःकडे वळवले. मग अरवना यबूसी आपले खळे, बैल, लाकडे सगळे फुकट देऊ करतो, तेव्हा दावीद ते नाकारतो आणि पन्नास शेकेल रुपे मोजून देतो, कारण ज्यासाठी स्वतःला काही मोजावे लागले नाही ते देवाला अर्पण करायचे नाही, असा त्याचा निश्चय असतो. या प्रसंगाकडे मी पुन्हा येणार आहे.

आई, आता तुझ्याशी बोलते. एक्क्याण्णवावे स्तोत्र तू हाताने लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावले आहेस आणि रोज सकाळी ते म्हणतेस, याचा मला आधार वाटतो. ते काढू नकोस. परंतु मी सर्वांना भेटते, माझ्या तंबूजवळ मरी येणार नाही, असे तू मागच्या वेळी म्हणालीस, तेव्हा मला मत्तयाचा चौथा अध्याय आठवला. मंदिराच्या टोकावर उभे करून येशूला खाली उडी टाकायला सांगताना सैतानाने हेच स्तोत्र म्हटले होते. प्रभूने स्तोत्र नाकारले नाही; देवाची परीक्षा पाहायची नाही, एवढेच उत्तर दिले. १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला, तेव्हा तिथून निघून जाण्याचा राजाज्ञेसारखा आग्रह असूनही धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर थांबले आणि त्यांचे घर आजाऱ्यांनी भरून गेले. तेच ल्यूथर ब्रेस्लाऊच्या योहान हेस या पाळकांना लिहितात की, मी औषध घेईन, घराला धूर देईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, म्हणजे माझ्यामुळे कोणाला लागण होणार नाही. पण शेजाऱ्याला माझी गरज असेल तर मी जाईन. औषध आणि काळजी नाकारणारा माणूस देवाची परीक्षा पाहतो, असेही त्यांनी लिहिले आहे. तुझ्या वयाला आणि तुझ्या दम्याला हे तंतोतंत लागू आहे. उपासनेला न जाता घरी प्रार्थना केलीस तर विश्वास उणा पडत नाही, आणि गोळ्या वेळेवर घेतल्याने देवावरचा भरवसा कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट, आई, तुला आवडणार नाही तरी लिहिते. मंडळीतल्या ज्या कुटुंबात लागोपाठ दोन मृत्यू झाले, त्यांच्याविषयी बोलताना, कोणाला ठाऊक त्या घरात काय चालले होते, असे तू म्हणालीस. बोलताना तुझ्या मनात दुष्टपणा नव्हता; भीती होती. त्यांच्या घरात काही चालले असेल तरच आपण सुरक्षित, असे मनाला वाटते, म्हणून आपण तसे बोलतो. पण सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र याहून वेगळे काय बोलले होते? सात दिवस ते त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर त्यांचे बरोबर होते. बोलू लागले, कारणे शोधू लागले आणि शेवटी ईयोबाने प्रार्थना केल्यावरच त्यांना क्षमा मिळाली. प्रेषित पौलाचे सोबतीही आजारी पडत. एपफ्रदीत मरणाला टेकला होता, त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेतात ठेवून पुढे जावे लागले, तीमथ्याच्या पोटाचे दुखणे वारंवार उद्भवे. त्यांपैकी एकालाही पौलाने, तू काय पाप केलेस, असे विचारल्याचे आपल्या वाचनात नाही. मी ऐकते की त्या कुटुंबाशी अजून कोणी नीट बोललेले नाही आणि लोक त्यांच्या दारावरून मान खाली घालून जातात. तू त्यांना फोन करावास, अशी माझी विनंती आहे.

बाबा, आता तुमच्या समासातल्या त्या दोन ओळी. चूक वरिष्ठांची होती, तुम्हांला ते ठाऊक होते, तुम्ही गप्प राहिलात आणि ठपका तुमच्या हाताखालच्या त्या तरुण माणसावर आला, हे तुम्ही मला पूर्वीही सांगितले आहे. त्यासाठी देव आईला किंवा नातवंडांना आजारी पाडील, ही भीती मनातून काढून टाका. आपण आपली पापे पदरी घेतली तर तो क्षमा करायला विश्वसनीय आणि न्यायी आहे, हे योहानाच्या पहिल्या पत्रातले वचन तुम्हीच मला लहानपणी पाठ करून घेतले होते. देवाचा चांगुलपणा माणसाला पश्चात्तापाकडे नेतो, असे पौल रोमकरांस लिहितो. साथीच्या धाकाने तुम्ही गुडघे टेकलेत तर धाक गेल्यावर गुडघे पुन्हा उचलले जातील.

भीती काढून टाका, पण ती गोष्ट मात्र टाकून देऊ नका. देवाजवळ तुम्ही वर्षानुवर्षे क्षमा मागितली आहे आणि ती मिळाली आहे, यात मला शंका नाही. त्या माणसाजवळ मात्र तुम्ही अजून मागितलेली नाही. जकातदार जक्कयाच्या घरी प्रभू गेला, तेव्हा ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देतो, असे जक्कय उभा राहून म्हणाला. आणि आज या घराला तारण झाले आहे, असे प्रभू त्यानंतर म्हणाला. वेदीपाशी अर्पण आणले असताना, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, हीही त्याचीच आज्ञा आहे. अरवनाच्या खळ्याची गोष्ट मी म्हणून लिहिली. देवाजवळ एकांतात रडण्यासाठी फारसे काही मोजावे लागत नाही, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याला स्वतःच्या अक्षरात, चूक तुझी नव्हती आणि मला ते ठाऊक होते, असे लिहून देण्यासाठी तुमच्यासारख्या मानी माणसाला पुष्कळ मोजावे लागेल. तो कदाचित उत्तर देणार नाही. कदाचित रागाने देईल, आणि तसा त्याला अधिकार आहे. पत्रात आजाराचा, तुमच्या वयाचा किंवा झोपेचा उल्लेख करू नका, नाही तर तुमची कीव करण्याचे ओझे त्याच्यावर पडेल. झाले ते जसे झाले तसे लिहा. त्याच्या जुन्या सहकाऱ्यांकडून पत्ता मिळवण्याचे काम माझ्याकडे द्या.

हे सगळे लेकीने आई-वडिलांना लिहावे का, याचा मी बराच विचार केला. परंतु रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत तुम्ही दोघे आमच्यादेखत एकमेकांची माफी मागत असा, आणि त्यानंतरच दिवा मालवला जाई. ते पाहत मी वाढले. तिथे शिकलेलेच मी लिहिते आहे.

आई, त्या घरी फोन करशील तेव्हा वचन सांगण्याची घाई करू नकोस. शेवटच्या दिवसांत त्यांच्या घरातल्या आजोबांना काय काय झाले, दवाखान्यात कोणाला आत सोडले, कोणाला नाही, हे त्यांच्या सुनेला सांगायचे असेल, तर सांगू दे. तेच तेच पुन्हा सांगितले तरी ऐकून घे. आणि बाबा, रविवारच्या प्रार्थनेत त्या घरातल्या गेलेल्या दोघांची नावे घेतली जावीत, असे तुम्ही पाळकसाहेबांना सुचवा. अजून ती घेतली गेलेली नाहीत, असे मला कळले आहे.

तुमची लेक