लाकडाचं पार्क आणि तुझं अडकलेलं डोकं

प्रिय संत्या,

परवा फोनवर म्हणालास ना त्या लाकडी पार्कचे फोटो पाठव म्हणून, ते टाकलेत व्हॉट्सॲपवर, पण खरं सांगू का, फोटोत घंटा काही कळत नाही. आणि तू शेतावर पोरांसाठी असलं काहीतरी लाकडाचं करायचं म्हणतोयस, म्हणून म्हटलं बसून नीट लिहावं. इथे रात्रीचे साडेअकरा वाजलेत, म्हणजे तुझ्याकडे पहाटेचे तीन, तू मस्त घोरत असशील.

तर गेल्या रविवारी आम्ही पाचही जण गेलो, म्हणजे आई पण. आमच्या ड्रेस्डेनहून हायवेने पूर्वेला गोर्लिट्झपर्यंत साधारण १०० किमी, वाटेत ३.३ किमीचा बोगदा लागतो, अर्णवने अख्ख्या बोगद्यात श्वास धरून ठेवायची पैज लावली आणि अर्ध्या मिनिटात हरला. गोर्लिट्झवरून १५ अंशाचं रेखावृत्त जातं, इथली घड्याळं त्यावर लावलेली (उन्हाळ्यात तासभर पुढे), जशी आपली मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशीवर. तिथून नदीकाठाने जरा वर गेलं की त्सेंटेनडोर्फ, जर्मनीचं पार पूर्वेचं टोक. नाइस नदीच्या पलीकडे पोलंड, माझ्या मोबाइलने तर पार्किंगमध्येच देश बदलला!

पार्कचं आधीचं नाव कुल्टुरइन्झेल आइनझीडेल, आता तुरीझेडे म्हणतात. युर्गेन बेर्गमान नावाच्या माणसाचा लाकूडकामाचा वर्कशॉप होता, त्यातून १९९२ ला हे सुरू झालं. हजार वर्षांपूर्वी इथे तुरी नावाचे लोक राहायचे अशी एक गोष्ट त्यांनी रचलीये, सगळं पार्क त्या गोष्टीवर उभं आहे. आईने "तुरी?" असं दोनदा विचारलं आणि मग दिवसभर तुरीच्या शेंगांवरून हसत होती. झाडावरच्या घरांचं हॉटेलपण आहे, २००५ पासूनचं, पण आपण कुठले तिथे राहतोय, खालून बघितलं आणि पुढे निघालो.

आता मुद्द्याचं. आपल्या डोळ्यासमोर प्ले एरिया म्हटलं की काय येतं, प्लास्टिकची पिवळी घसरगुंडी आणि खाली रबरी मॅट. इथे वाकडेतिकडे बुंधे जसेच्या तसे उभे केलेत, त्यावर तिरके मनोरे, मनोऱ्यांतून झुलते पूल, आणि जमिनीखाली भुयारं. साधी भुयारं नाही रे, काळाकुट्ट अंधार. ओवी टॉर्च घेऊन सुर्रकन आत गेली, अर्णव तिच्या मागे, आणि अर्णव आत रडेल म्हणून मी त्याच्या मागे. दहा फुटांवर भुयार अरुंद झालं आणि मी पोटाशी अडकलो. पुढे जाता येईना, मागे एक जर्मन पोरगा माझ्या बुटाला टकटक करतोय, आणि लांबून अर्णवचा आवाज, "बाबा, तुम्ही घाबरलात का?" रडत वगैरे अजिबात नव्हता तो. शेवटी श्वास सोडून, कोपरं खरवडून एकदाचा निघालो. मुग्धा बाहेर मोबाइल घेऊन तयारच होती, तो व्हिडिओ तुला मिळणार नाहीये.

आई मात्र एका खांबापाशी बसून राहिली होती. तुला माहितीये ना तिचे वडील सुतार, बैलगाड्या करायचे. तिने खांबाला नख लावून बघितलं, हात फिरवला आणि मला बोलावून म्हणाली, "बाभळीसारखं चिवट दिसतंय रे हे, आणि साल बघ कशी स्वच्छ काढलीये, सालीखालीच कीड धरते." इथे मैदानांच्या लाकडी खेळण्यांना रोबिनिया नावाचं झाड खूप वापरतात, हे लाकूड त्याचंच असावं. जर्मनमध्ये त्याला जे दुसरं नाव आहे त्याचा अर्थ चक्क खोटी बाभूळ! मूळचं अमेरिकेचं, काटेरी, बुंधा सहसा सरळ येत नाही, म्हणून त्या मनोऱ्यांना असा बाक येतो. पण बाहेरचं पांढरं लाकूड काढून नुसता गाभा ठेवला की औषध न मारतासुद्धा मातीत वर्षानुवर्षं टिकतं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, मग मी काय वेगळं सांगितलं.

तुझ्या उपयोगाची गोष्ट म्हणजे, हे लोक पोर पडणार हे धरूनच चालतात. घरी येऊन मी युरोपातले मैदानांचे नियम वाचत बसलो (सवय रे, इंजिनियर). पडायची उंची जास्तीत जास्त ३ मीटर, आणि एवढ्या उंचीवरून पडायचं तर खाली वाळू नाहीतर लाकडाचा चुरा चांगला जाड पाहिजे. आणि वरच्या खेळण्यांतली फट एकतर ८९ मिमीपेक्षा कमी (कठड्याला तर हीच), नाहीतर २३० पेक्षा जास्त. मधली चालतच नाही, का तर मधल्या फटीतून अंग जातं आणि डोकं अडकतं. हे वाचलं आणि तू आठवलास, सातवीत, खिडकीच्या गजात डोकं, आणि शिपायाने गोडेतेल चोळून काढलेलं. ती खिडकी बरोब्बर या मधल्या मापाची असणार बघ.

ओवीचा गुडघा फुटला, पुलावरून पळत होती. मी धावणार तर मुग्धाने हात धरला. ओवीने इकडेतिकडे बघितलं, कोणी बघत नाही म्हटल्यावर थुंकी लावली आणि परत चढली. थुंकी लावायला हिला कोणी शिकवलं, आईकडे बघितलं तर ती तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडण्यात एकदम बिझी.

तर तू आधी फटी मोज, मग वेल्डरला बोलव. नाहीतर वेल्डर नकोच, विहिरीवरची ती वाकडी बाभूळ अजून आहे का ते कळव, जिच्यावरून आपण उड्या मारायचो. वाळली असेल तर विकू नकोस.

काकूंना नमस्कार, छोट्याला पापा.

तुझाच,
पक्या

ता. क. आई सांगतेय, बाभूळ तोडलीच तर अमावस्येला तोडायची आणि मग दोन-तीन महिने पाण्यात टाकून ठेवायची. अमावस्येचं मला काही पटत नाही, पण लिही म्हणाली म्हणून लिहिलं.